अरबी खिळे घडवणारा ख्रिस्ती दरबार

अरबी म्हटले की मुसलमान, हे समीकरण आपल्याकडे घट्ट बसले आहे. उर्दूचीही तीच गत. म्हणूनच आजच्या रोमानियातील वालाकिया संस्थानाचा हा इतिहास मराठी वाचकांसमोर ठेवावासा वाटतो.

1688 ते 1714 या काळात तेथे कॉन्स्टँटिन ब्रँकोवेआनु हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राजा होता. तो उस्मानी सुलतानाचा मांडलिक. त्याच्या पहिल्याच वर्षी रोमानियन भाषेतील संपूर्ण बायबल छापून पूर्ण झाले. बुखारेस्टमध्ये त्याने उच्च शिक्षणाची अकादमी उभारली, मठ बांधले, छापखान्यांना पैसा पुरवला.

त्याच्याकडे जॉर्जियात जन्मलेला अँटिम इव्हिरेआनु नावाचा निष्णात मुद्रक होता. त्याच सुमारास सीरियातून अथनासियस दब्बास हे धर्मगुरू आले. अरबी बोलणाऱ्या त्यांच्या पाद्रींना हस्तलिखिते परवडत नव्हती. राजाने खर्च उचलला, अँटिमने अरबी खिळे तयार केले. हे काम सोपे नव्हते. उर्दू शिकवताना मुलांना आम्ही सांगतो, तेच येथेही: एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलते. प्रत्येक रूपाला वेगळा खिळा हवा. 1701 मध्ये स्नागोव्हच्या मठात ग्रीक-अरबी प्रार्थनाग्रंथ छापून निघाला.

पुढे छपाईचे साहित्य दब्बास यांना भेट मिळाले. 1706 मध्ये हलब (अलेप्पो) शहरात अरबीतून जबूर आणि इंजील छापली गेली. अरब प्रदेशातील अरबी लिपीचा हा पहिला छापखाना.

याच राजाला 15 ऑगस्ट 1714 रोजी इस्तंबूलमध्ये चार मुलांसह ठार करण्यात आले. ऑस्ट्रिया-रशियाशी संधान बांधल्याचा संशय होता. इस्लाम कबूल केला असता तर जीव वाचला असता, असे त्यांच्या चर्चची परंपरा सांगते. धर्मात जबरदस्ती नाही, हे मानणाऱ्यांना ही कहाणी बोचलीच पाहिजे. हुकूम सुलतान अहमद तिसरा याचा. त्याच अहमदने 1727 मध्ये इब्राहिम मुतफर्रिका यांना छापखान्याची परवानगी दिली. तीही धार्मिक ग्रंथ वगळून. त्यांचे पहिले पुस्तक, एक शब्दकोश, 1729 मध्ये आले. म्हणजे हलबनंतर तब्बल 23 वर्षांनी.

राज्यकर्ते लिपीला धर्माचा शिक्का मारतात. पण ज्याला लोकांपर्यंत पोहोचायचे असते, तो लोकांची लिपी शिकतो. अरबी कोणाची, उर्दू कोणाची, मराठी कोणाची, या वादात पडण्यापूर्वी स्नागोव्हचे ते खिळे आठवावेत.