मुरलेल्या लाकडाची कुळकथा

संस्कृतातलं ‘करपत्र’ मराठीत ‘करवत’ झालं आणि वखारीतून निघून थेट विदर्भातल्या विणकरांच्या मागावर जाऊन बसलं. करवतकाठी साडीच्या काठावर तेच दाते दिसतात. ओंडक्यावर काव लावलेलं सूत मारून रेघ उमटवणारा तो सूत्रधार, म्हणजे आपला सुतार. चिरकामाचं कूळ असं शब्दाशब्दांत सापडतं. पण लाकूड चिरणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं मराठीने एका क्रियापदात ठेवलंय: मुरणं.

ओंडका उंच चढवून त्याला मोठी करवत लावली की एक माणूस वर उभा राहतो, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो. खालच्याच्या पापण्यांवर भुसा साचत जातो. निघालेली फळी हाताला थंडगार लागते, इतकं पाणी तिच्यात असतं. ओल्या सागाचा ओंडका तर नदीत बुडतोच. म्हणून ब्रह्मदेशात झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड कापून ते दोन-तीन वर्षं उभ्यानंच वाळू देत, मग तोडून प्रवाहात सोडत. आपल्याकडे काही ठिकाणी उलट रीत: ओंडके तळ्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे आतला रस निघून जातो आणि कीड कमी लागते. नंतर सावलीत थप्पी. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या, टोकांना शेणाचा लेप, कारण टोकांतून पाणी फार झपाट्याने जातं आणि तिथेच भेगा पडतात. ढोबळ हिशेब असा, की इंचभर जाडीला एक वर्ष.

आमच्या घरचं एक दार पहिल्याच उन्हाळ्यात वाकलं, ते हा हिशेब न पाळल्यामुळे. लाकडातलं पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळीतलं आधी जातं, तेव्हा फळी फक्त हलकी होते. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं, आणि तिथून लाकूड आकसतं, बळकटही होतं. हा उंबरठा अमेरिकेच्या वनखात्यातल्या हॅरी टिमन यांनी 1906 मध्ये दाखवून दिला. आकसणंही सगळीकडे सारखं नसतं: वर्षवलयांच्या दिशेने ते आरपार दिशेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून फळी पन्हळीसारखी वळते.

पहिल्या महायुद्धाने वाट पाहायची सोय संपवली. विमानांचे पंखे आणि बंदुकांचे अक्रोडी दस्ते हवे होते, तेही ताबडतोब. वर्षानुवर्षं मुरलेला साठा पुरणार कुठून? विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला 1910 मध्ये लाकडाची प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथे टिमन यांनी बांधलेल्या भट्टीत पाण्याचे फवारे होते. सुकवण्याच्या खोलीत पाणी! मला या सगळ्या कथेतली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. नुसती कोरडी उष्णता दिली तर फळीची कातडी आधी सुकते, आकसू पाहते, आतला ओला गाभा तिला आकसू देत नाही, आणि ती तडकते. हवा गरम पण दमट ठेवली, तर कातडी मऊ राहते आणि गाभ्यातलं पाणी सावकाश बाहेर येतं. मग दमटपणा पायरीपायरीने कमी करायचा. वर्षांचं काम आठवड्यांवर आलं.

फळी वरून कोरडी दिसते, पण आत ताण राहिला आहे का हे बघायला कारागीर तिचा आडवा तुकडा काढून मधला भाग कोरतात आणि दोन बोटांचा काटा करतात. बोटं आत वळून एकमेकांना चिकटली, तर फळी अजून मुरलेली नाही; तिला पुन्हा वाफ द्यायची.

वाफेची भट्टी मात्र छोट्या कारखानदाराला झेपत नाही. बॉयलर आला, इंधन आलं, राखणारा माणूस आला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात उन्हावरच्या भट्टीचे प्रयोग झाले, त्यांचं मोल इथे आहे. अशा भट्टीचं तत्त्व साधं: काचेची खोली, काळा रंग दिलेले पत्रे, हवा खेळवायला पंखे. दिवसा फळी वाळते. रात्री खोली थंड होते, आतली हवा आपोआप दमट होते, फळीची कातडी जराशी ओलावते आणि दिवसभरात साठलेला ताण सकाळपर्यंत सुटतो. फवाऱ्याचं काम तिथे रात्रच करते.