धोपावे–दाभोळ फेरीबोटीची वाटचाल

दाभोळ खाडीच्या दक्षिण काठावर अंजनवेल, वेलदूर, धोपावे ही गावं आणि उत्तर काठावर दाभोळ. मध्ये वाशिष्ठीचं पाणी. हाक मारली तर पोचणार नाही, पण पलीकडच्या घरांची कौलं दिसतील, एवढंच अंतर. तरीही गाडी घेऊन पलीकडे जायचं तर पूर्वी चिपळूण आणि खेडवरून शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडायचा. माणसांना वेलदूरहून दाभोळला लाँच होती आणि त्याआधी होडी होती. गाडीला मात्र वाट नव्हती. त्यामुळे गुहागर आणि दापोली हे शेजारचे तालुके एकमेकांना परके राहिले. सोयरीक व्हायची, व्यापार व्हायचा, पण गुहागरला आलेला पाहुणा सहसा दापोलीला जायचा नाही आणि दापोलीचा इकडे यायचा नाही.

हे परकेपण जुनं नव्हतं. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं कोकणातलं मोठं बंदर. होर्मुझहून घोडे इथे उतरत. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात फिरून गेलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेला याच दाभोळहून जहाजावर चढला. 1508च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं, तरी पुढे कित्येक वर्षं बंदर चालत राहिलं. खाडीच्या तोंडाशी पहाऱ्याला अंजनवेलचा किल्ला होता. शिवाजी महाराजांनी तो घेतला, पुढे तो सिद्दीकडे गेला, तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून जिंकून त्याचं नाव गोपाळगड ठेवलं, मग तो पेशव्यांकडे आला आणि 1818मध्ये इंग्रजांकडे. पेशवाईत अंजनवेल हे एका तालुक्याचं ठाणं होतं. तेव्हा खाडी हाच रस्ता होता. आगबोटी बंद पडल्या, डांबरी रस्ते आतल्या बाजूने गेले आणि खाडी आडवी आली.

विसाव्या शतकाच्या शेवटी अंजनवेलचं नाव जगभर गाजलं ते एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे. 1999मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2001मध्ये दरांच्या वादात प्रकल्प बंद पडला. 2005मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होईपर्यंत प्रकल्पाच्या चिमण्या थंडच होत्या. याच मधल्या काळात, 2003च्या ऑक्टोबरात, धोपावे–दाभोळ फेरीबोट सुरू झाली. दाभोळच्या डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेस या कंपनीने ती आणली. गाड्या वाहून नेणारी अशी नियमित सेवा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याआधी नव्हती. अब्जावधींचा प्रकल्प बंद असताना त्याच खाडीत कोकणातल्याच माणसांनी उभी केलेली ही सेवा मला या गावांच्या इतिहासातली मोठी घटना वाटते.

लोक हिला फेरीबोट म्हणतात, जंगलजेटीही म्हणतात. व्यवस्था साधी आहे. काँक्रीटच्या उतारावर बोट नाक टेकवते, लोखंडी फळका खाली पडतो, आधी मोटरसायकली, मग चारचाकी. एखादा टेम्पो किंवा एसटीएवढी मोठी गाडी असली की बोटीवरचे खलाशी हातवारे करत ती वीत-वीत पुढे घेतात, कारण एका कडेला वजन पडून चालत नाही. भरतीला फळका जवळजवळ सपाट बसतो, ओहोटीला उतार वाढतो आणि शेवाळलेल्या भागावर नव्या ड्रायव्हरचा घाम निघतो. गाडी लागली की माणसं उतरून वरच्या मजल्यावर जातात. पश्चिमेला खाडीचं तोंड आणि गोपाळगडाचा डोंगर, मागे प्रकल्पाच्या चिमण्या, पुढे दाभोळच्या मशिदीचा घुमट आणि मिनार. थंडीत बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. काही मिनिटांत पलीकडचा धक्का येतो, आणि लहान मुलं ‘एवढ्यात आलं?’ म्हणून हिरमुसतात.

या काही मिनिटांचं मोल कळण्यासाठी दूरचं एक उदाहरण सांगतो. चीनमधल्या हाँगकाँगला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात व्हिक्टोरिया शिखर, 1888पासून तिथे चढणारी पीक ट्राम, रात्रीची दिव्यांची रोषणाई आणि हमखास एक गोष्ट असते : स्टार फेरी. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या, दोन्ही टोकांना सारख्याच दिसणाऱ्या या बोटी हाँगकाँग बेट आणि कौलून यांच्यामधलं पाणी दहाएक मिनिटांत ओलांडतात. बोट न वळताच उलटी निघते, म्हणून बाकांच्या पाठी प्रवासी स्वतःच पुढे-मागे करतात. ही सेवा उभी केली मुंबईहून गेलेल्या एका पारशाने. दोराबजी नवरोजी मिठाईवाला 1852मध्ये हाँगकाँगला पोचले, पुढे हॉटेलं काढली आणि 1888मध्ये कौलून फेरी कंपनी स्थापली. 1898मध्ये ते निवृत्त झाल्यावर कंपनीचं नाव स्टार फेरी झालं. मुंबई बंदरातून गेलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या चिनी शहराला त्याची ओळख दिली, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. ते शाळेत सांगायला हवं.

स्टार फेरी पर्यटकांसाठी निघाली नव्हती. ती नोकरीला जाणाऱ्यांची होती. म्हणूनच 1966मध्ये पहिल्या वर्गाचं भाडं अवघ्या पाच सेंटांनी वाढायचं ठरलं तेव्हा एक तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला आणि पुढे शहरात दंगली उसळल्या. 1972मध्ये समुद्राखालून मोटारींचा बोगदा झाला, मग मेट्रोही आली. घाई असलेल्यांनी बोट सोडली. पण बोट बंद पडली नाही, आणि आज ते शहर बघायला आलेला माणूस आधी तिच्यावर चढतो. 2006मध्ये भराव टाकण्यासाठी बेटावरचा जुना धक्का आणि त्यावरचा घड्याळाचा मनोरा पाडायचं ठरलं तेव्हा लोक शेवटच्या फेरीला गर्दी करून आले, निदर्शनं झाली. धक्का पाडलाच. लोकांना राग आला तो रोजच्या जगण्याचा भाग गेल्याचा.

आमची बोटही तशीच वाढली. गाडीत पंक्चर काढायचं सामान घेऊन मुंबईहून निघालेलं कुटुंब हर्णैला सुवर्णदुर्ग बघतं, दाभोळला चंडिकेच्या गुहेतल्या देवळात जातं, बोटीने इकडे उतरून अंजनवेलचं टाळकेश्वर, दीपगृह, गोपाळगड करून गुहागरच्या व्याडेश्वराला पोचतं. पुढे वेळणेश्वर, हेदवी. दोन तालुक्यांची ही सलग वाट बोटीने जोडली. गुहागरातल्या घरगुती खानावळींना आणि निवासांना तिचा फायदा झाला, हे गावात कुणीही सांगेल. पण बोट खरी भरते ती गावच्या माणसांनी : मासळी घेऊन जाणाऱ्या बायका, दवाखान्याला निघालेले आजी-आजोबा, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीला आलेले चाकरमानी. त्या दिवसांत धोपाव्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग रस्त्याच्या वळणापलीकडे जाते.

याच कंपनीने पुढे बाणकोट खाडीत वेसवी–बागमांडला, जयगड खाडीत तवसाळ–जयगड आणि राजपुरी खाडीत दिघी–आगरदांडा अशा बोटी सुरू केल्या. 2024च्या फेब्रुवारीत ती वसई–भाईंदरपर्यंत पोचली. म्हणजे मुंबईच्या उपनगरी गर्दीने उचललेली ही युक्ती आधी आमच्या खाडीत पारखली गेली. कोकणी माणूस याचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्त आहे.

आता रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत दाभोळ खाडीवर पूल आहे. पूल हवाच. रात्री बोट बंद झाल्यावर बाळंतिणीला घेऊन धक्क्यावर उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये. पण पूल झाला म्हणून बोट मोडीत काढायची हे मला पटत नाही. बोगदा झाल्यावर हाँगकाँगने जे केलं ते आपण आधीच ठरवू शकतो. पूल बांधतानाच सागरी मंडळाने दोन्ही धक्के पक्के ठेवावेत आणि बोटीला परवाना द्यावा. पुलाआधीही करण्यासारखी कामं आहेत. धोपाव्याला उतरलेल्या माणसाला गोपाळगड कुठे आणि टाळकेश्वरला कसं जायचं हे सांगणारी नीट पाटी नसली तर तो थेट गुहागर गाठतो आणि अंजनवेल मागे राहतं. गडाचा जांभ्याचा तट, जमिनीच्या बाजूचा खोल खंदक, आतली आमराई बघायला अर्धा दिवस पुरतो. संध्याकाळच्या ओहोटीला परत दाभोळकडे निघणाऱ्या बोटीवर चढताना चाक घसरू नये म्हणून उताराचं शेवाळ दर हंगामात खरवडलं गेलं पाहिजे. एवढी कामं ग्रामपंचायत, सागरी मंडळ आणि कंपनी मिळून याच वर्षी करू शकतात.