लायब्ररीच्या शिक्क्यांची रहस्यकथा: संभाजीनगर-वाळूज परिसरातील जुन्या पुस्तकांविषयी

मराठी रहस्यकथेची छापील परंपरा शंभर वर्षांहून जुनी असली, तरी तिच्या मूळ प्रती जमवू पाहणाऱ्या संग्राहकाच्या हाती बहुधा वाचनालयातून बाद झालेले, जाड पुठ्ठ्यात बांधलेले आणि पानोपानी शिक्के उमटलेले पुस्तकच येते. याचे कारण या पुस्तकांच्या व्यवसायात आहे. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरून पुस्तके बदलून आणायची, म्हणजे बोलीत ‘लायब्ररी लावायची’, या पद्धतीवर रहस्यकथेचा वाचक पोसला गेला. त्यामुळे प्रकाशकाचे खरे गिऱ्हाईक लायब्ररीवाला होता, आणि एकच प्रत शेकडो हातांतून जाऊन फाटेपर्यंत फिरत राहणे हेच तिचे विहित आयुष्य होते.

या वाचकाची रुची घडवण्याचे काम आधी गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी केले. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या भुयारे, कारस्थाने आणि वेषांतरांनी भरलेल्या कथांना त्यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवन गुहा’ अशा कादंबऱ्यांतून पूर्ण देशी रूप दिले. त्यानंतर बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही पात्रे घराघरांत नेली. गिनेस बुकाने १९३६ ते १९८४ या काळातील त्यांच्या १,०९२ रहस्यकथा-पुस्तकांची नोंद घेतली. संग्रहाच्या दृष्टीने हा आकडा जितका मोहाचा तितकाच निराश करणारा आहे, कारण एवढ्या संख्येने निघालेल्या पुस्तकांचा पूर्ण संच जमवणे जवळजवळ अशक्यच ठरते. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा टप्पा ओलांडला, तर ‘दुनियादारी’ या कादंबरीमुळे आज ओळखले जाणारे सुहास शिरवळकर दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन यांच्या रहस्यकथा लिहीतच लोकप्रिय झाले होते. समीक्षेने या लेखकांकडे दीर्घकाळ पाठ फिरवली, हा मराठी वाङ्मयेतिहासातील अन्यायच म्हटला पाहिजे. लक्षावधी लोकांना अखंड वाचनाची सवय लावणारे लेखन केवळ ‘करमणूक’ म्हणून बाजूला ठेवल्याने त्याच्या प्रती जपण्याची जबाबदारीही कोणी घेतली नाही.

ही पुस्तके टिकत नाहीत, याला कागदही कारणीभूत आहे. स्वस्त आवृत्त्यांसाठी वापरला जाणारा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून बनतो आणि त्यात लिग्निन हे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य तसेच राहते. उजेड आणि हवा यांच्या संपर्काने ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि पान दुमडताच तुकडा पडतो. टाचणीने शिवलेल्या प्रतींत गंजाचे डाग प्रथम मधल्या पानांवर उतरतात. त्यातच लायब्ररीवाले प्रत टिकावी म्हणून बांधणी करीत, तेव्हा कडा छाटल्या जात आणि मूळ मुखपृष्ठ अनेकदा काढून टाकले जाई. रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकाराने रंगवलेले मुखपृष्ठ शाबूत असलेली अर्नाळकरांची प्रत म्हणूनच दुर्मिळ ठरते. आतील मजकूर पुनर्मुद्रणांतून मिळू शकतो, पण गळालेले मुखपृष्ठ मिळत नाही.

औरंगाबाद परिसरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या इतिहासाला एक निराळा पदर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, राज्यकारभार आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती, आणि ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे काम मौलवी अब्दुल हक यांनी बरीच वर्षे याच शहरातून चालवले. त्यामुळे १९५२ मध्ये अलाहाबादहून इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही उर्दू मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी इथली वाचनभूमी आधीच तयार होती. फरीदी आणि हमीद ही तिची नायकजोडी. हिंदी आवृत्तीत फरीदीचे नाव विनोद झाले आणि ही पुस्तके देवनागरी वाचणाऱ्यांनाही खुली झाली. मुंबई-पुण्याकडची मराठी रहस्यकथा आणि उत्तरेकडची उर्दू-हिंदी जासूसी कादंबरी अशा दोन्ही वाटा या शहरात एकत्र आल्या, म्हणून येथील जुन्या पुस्तकांचा संग्रह एका लिपीपुरता ठेवणे म्हणजे निम्मा इतिहास सोडून देणे होय.

रहस्यकथेच्या शेजारच्या विज्ञानकथेचा माग मात्र पुस्तकांपेक्षा नियतकालिकांत काढावा लागतो. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे भाषांतर विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून क्रमशः आले, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने दाखल होऊन पहिली आली. नारायण धारप भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहीत. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक हे गूढ, रहस्य आणि विज्ञान यांचे सामाईक घर होते. मराठी विज्ञानकथा जमवणे म्हणजे पुष्कळ अंशी दिवाळी अंक जमवणे.

यापुढची अडचण सूचीची आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली आणि एकट्याच्या चिकाटीने एका भाषेच्या मुद्रणाचा नकाशा उभा केला. अर्नाळकरांच्या उत्तरकाळातील आणि नाईक-शिरवळकरांच्या सगळ्या पुस्तकांचा काळ मात्र त्या मर्यादेपलीकडचा आहे, शिवाय स्वस्त पुस्तकांवर प्रकाशनवर्ष छापलेले असेलच असे नाही. अशा वेळी किंमत, मालिकेचा क्रमांक, मलपृष्ठावरील आगामी पुस्तकांची जाहिरात आणि लायब्ररीचा दिनांकित शिक्का यांवरून काळ ठरवावा लागतो. ज्या शिक्क्यांमुळे प्रतीचे मोल कमी मानले जाते, तेच इतिहासाच्या कामी येतात.

वाळूजचे स्थान या कालक्रमाच्या शेवटाकडे येते. संभाजीनगरहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘करमचंद’ ही गुप्तहेराची मालिका आली, म्हणजे रहस्याची करमणूक घरातल्या पडद्यावरही मिळू लागली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी आणि वाळूजजवळचे पंढरपूर या वस्त्या कामगार कुटुंबांनी भरत गेल्या तो काळ रहस्यकथेच्या लायब्रऱ्यांना ओहोटी लागण्याचा होता. साहजिकच अशा वसाहतीत ही पुस्तके दुकानातून कमी आणि गावाकडच्या ट्रंकांतून, थोरल्यांच्या वाचनाचा वारसा म्हणून, अधिक येणार. आणि भाड्याचे घर बदलताना किलोच्या भावाने रद्दीत जाण्याची भीतीही त्यांनाच सर्वाधिक. अशी ट्रंक ज्यांच्या घरी असेल त्यांनी ती रद्दीवाल्यापुढे रिकामी करण्याआधी प्रत्येक पुस्तकाचे लेखक, प्रकाशक, किंमत आणि शिक्क्यावरील वाचनालयाचे नाव एका वहीत उतरवावे, सुटलेले मुखपृष्ठ फेकू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि पुस्तके ठेवायला जागा नसेल तर ती वहीसह जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत.