एस्प्लनेड मॅन्शन: लोखंडी सांगाड्यावर उभी मुंबईची इमारत

कळव्यातल्या आजच्या टॉवरचा भार कॉलम आणि बीमचा सांगाडा पेलतो. विटांच्या भिंती फक्त मधली जागा भरतात. याच तत्त्वाचा भारतातला एक जुना नमुना मुंबईत काळा घोडा परिसरात आहे: एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल.

तिचा आराखडा इंग्लिश अभियंता रोलँड मेसन ऑर्डिश यांचा. लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि १८६० च्या दशकात इथे जोडल्या गेल्या. पहिली गगनचुंबी इमारत म्हणून ओळखली जाणारी शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग त्यानंतर, १८८५ मध्ये उभी राहिली. तिच्या सांगाड्यात लोखंडाबरोबर पोलादही होते. १९३१ मध्ये ती पाडली गेली.

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात प्रथम वॉटसन्समध्येच दाखवले गेले. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे करून त्या भाड्याने दिल्या गेल्या, देखभाल मागे पडली. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली. पडकी भिंत पुन्हा बांधता येते. दीडशे वर्षांचा लोखंडी सांगाडा टिकवणे जास्त अवघड आहे.