सुरतेची मुघलसराई : मुसाफिरखाना ते नगरपालिका

मराठी वाचकास सुरत शहर प्रामुख्याने शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे परिचित आहे. परंतु मुघल काळात हे बंदर 'बाब-उल-मक्का', म्हणजेच मक्केचे द्वार, म्हणूनही ओळखले जाई. उत्तर हिंदुस्थान, दख्खन व मध्य आशियातून आलेले हज यात्रेकरू येथून जहाजाने अरबस्तानास जात. शिडाची जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्याने त्यांना बंदरात दीर्घकाळ मुक्काम करावा लागे.

या गरजेतून १६४४ मध्ये एक सराई उभी राहिली. सुरतेचे उत्पन्न तेव्हा शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिच्याकडे होते. तिचा विश्वासू अधिकारी इसहाक बेग यज्दी ऊर्फ हकीकत खान याने ही वास्तू बांधली. तिचे मूळ नाव 'हुमायून सराई' व बांधकामाचा खर्च ३३,०८१ रुपये असल्याची नोंद आहे.

मध्यभागी मोकळे अंगण, भोवती खोल्यांच्या रांगा व कमानदार प्रवेशद्वार अशी तिची रचना आहे. सराईचे द्वार रात्री बंद केले की प्रवासी, जनावरे व माल सुरक्षित राहत. पुढे व्यापार व हज वाहतूक मुंबईकडे वळली आणि सराईचे मूळ प्रयोजन उरले नाही. बंदिस्त रचनेमुळे ती काही काळ तुरुंग म्हणूनही वापरता आली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या सुरत नगरपालिकेचे कार्यालय १८६७ मध्ये येथे आले. यात्रेकरूंच्या खोल्यांत दप्तरे मांडली गेली. १९६६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी कारभार येथूनच चालू राहिला. सतत वापरात असल्यामुळेच ही वास्तू टिकली, असे म्हणता येईल.

मात्र या दीर्घ वापरातून मालकीचा प्रश्नही निर्माण झाला. गुजरात वक्फ मंडळाने २०२१ मध्ये ही वास्तू वक्फ मालमत्ता म्हणून घोषित केली. वक्फ न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. मालकीचा निर्णय न्यायसंस्थेचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम वेगळे आहे. बांधणाऱ्याचा हेतू प्रवेशद्वारावरील फारसी शिलालेखात कोरलेला आहे. तो वाचू शकणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांतून तयार झाले नाहीत, तर वास्तू उभी असूनही तिची साक्ष मुकी राहील.