उपत्यकेचा पत्ता

काही शब्द काचेच्या कपाटातल्या कपबशांसारखे असतात. दिसायला सुंदर, पण त्यांतून कोणी चहा पीत नाही. 'उपत्यका' हा त्यांतलाच. 'जरा उपत्यकेत जाऊन येतो' असं सांगून कोणी मराठी माणूस घराबाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. अर्थ विचारलात तर बहुतेक जण सांगतील, 'दरी, दुसरं काय!' आणि खरी मौज तिथंच आहे.

पाणिनीने या शब्दाची सोय एका चिमुकल्या सूत्रात लावून टाकली आहे. 'उप' म्हणजे जवळ, 'अधि' म्हणजे वर. दोघांना प्रत्यय मात्र एकच. डोंगराच्या पायथ्याला लागून असलेली जमीन ती उपत्यका आणि डोंगरावर चढून बसलेली ती अधित्यका. सख्ख्या बहिणीच, एक उंच घराण्यात पडली, एवढंच. अमरकोशाचंही म्हणणं हेच. म्हणजे या शब्दात खोली नाही, शेजार आहे!

म्हणून तर 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात कालिदास रघूचं सैन्य मलय पर्वताच्या उपत्यकांत खुशाल मुक्कामाला उतरवतो. तिथं मिरी पिकते, हारीत पक्षी उडत असतात. तुमच्या-आमच्या अर्थाची दरी असती, तर सैन्यासकट दिग्विजय तिथंच आटोपला असता.

आता 'दरी'चं पाहा. तिचं मूळ फाडणे या अर्थाच्या धातूत. 'विदीर्ण' हा तिचाच भाऊबंद. संस्कृतात दरी म्हणजे डोंगरातली फट, गुहा. 'कुमारसंभवा'तल्या हिमालयाच्या दऱ्यांत माणसं राहतात आणि रात्री वनस्पती त्यांना उजेड पुरवतात. मराठीत आल्यावर बिचारीचं छप्पर उडालं. आता तिच्यात कोणी राहत नाही. सहलीची पोरं कठड्यावरून वाकून बघतात आणि मास्तर ओरडतात, 'मागं व्हा रे!'

राहायला आपल्याकडे 'खोरं' आहे. कृष्णेचं, कोयनेचं. त्यात नदी असते, शेत असतं, गाव असतं. नेपाळात मात्र उपत्यका अजून रोजच्या वापरात आहे. काठमांडू, ललितपूर आणि भक्तपूर ही तिन्ही शहरं 'काठमाडौं उपत्यके'तच नांदतात. १९७९ साली तिचं नाव जागतिक वारशाच्या यादीतही गेलं.

थोडक्यात काय, जमीन एकच. कड्यावरून वाकून पाहिलं की दरी, खाली घर बांधलं की खोरं, आणि डोंगराला विचारलं तर तो म्हणेल, 'उपत्यका. ती माझ्या जवळची.'

आमचे चिरंजीव हल्ली उठता-बसता ऐकवतात, 'बाबा, आपल्या दोघांत पिढीची दरी आहे.' मी म्हटलं, 'असेल बाबा, पण तिला खोरं म्हणत जा. मधून थोडं पाणी वाहतं राहील, आणि दोन्ही काठांवर आपल्याला राहता येईल.'

त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, 'आणि पूर आला तर?'

मुलगा माझाच आहे, यात शंका नाही.