भीमेच्या दोन तीरांवरील कौटुंबिक उपासना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा नदीच्या दोन अंगांना वसलेले असून, मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात त्यांना जे स्थान आहे ते तेथील चर्चच्या इमारतींपेक्षा घरातल्या श्रद्धेचे संगोपन कसे करावे, या प्रश्नाशी अधिक निगडित आहे. कौटुंबिक उपासना, म्हणजे घरातील लहानथोरांनी दररोज एकत्र बसून शास्त्रवाचन, गायन आणि प्रार्थना करणे, ही प्रॉटेस्टंट पंथांची जुनी रीत होय. परंतु ती पाळायची तर घरात निदान एकाला वाचता आले पाहिजे आणि वाचलेले ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या खेड्यांत या दोन्ही गोष्टींची वानवा होती, आणि मूल जिच्या मांडीवर पहिले बोल शिकते ती आई तर अक्षरापासून सर्वांत दूर ठेवलेली होती.

शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, हे इंग्रजांच्या छावणीचे गाव होते. अमेरिकन मराठी मिशनने, म्हणजे १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेने, १८४१ मध्ये येथे आपले ठाणे उघडले, आणि पुढील वर्षी नगरातून निघू लागलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकामुळे अशा विखुरलेल्या ठाण्यांना एकमेकांची खबर मिळू लागली. खेड्यातील मंडळी, म्हणजे एका ठिकाणच्या ख्रिस्ती लोकांचा उपासक समुदाय, बहुधा मोजक्या कुटुंबांची असे, त्यांतील बरीच कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली असत, आणि त्यांचा आधार पाळकापेक्षाही शाळेचा मास्तर असे. दिवसा मुलांना बाराखडी शिकवणारा हाच मनुष्य संध्याकाळी मोठ्यांसमोर शुभवर्तमान वाचून दाखवी. ज्यांना गावच्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या घरात पहिले पुस्तक आले ते अशा रीतीने, आणि तेथे साक्षरता व श्रद्धा या दोन गोष्टी एकाच पाटीवर उमटल्या, ही या समाजाच्या घडणीतील मोलाची बाब आहे. पुढे मिशनरी रिचर्ड विन्झर यांच्या काळात शिरूरला सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालली, आणि शिक्षणाबरोबर हाताला कामही मिळाले. जात सोडल्याने ज्याचे बलुते तुटण्याची भीती असे, त्या कुटुंबाला अशा कसबाची गरज उपदेशापेक्षा कमी नव्हती.

घरातील उपासनेला सूर मिळाला तो मराठी परंपरेतूनच. नगरच्या मिशनमध्ये १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पडला, आणि कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची पदे रचून ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात मोठी भर घातली, त्यामुळे ज्या स्त्रीला एक ओळही वाचता येत नव्हती तिलाही जात्यावर बसून म्हणता येईल असे भक्तीचे शब्द लाभले. खुद्द टिळकांच्या घरातही श्रद्धा एकाच दिवशी आली नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला तो काही वर्षांनी, स्वतःच्या मनाची खूणगाठ पटल्यावर. तरीही गाणे पाठ करणे वेगळे आणि ग्रंथ स्वतः उघडून वाचणे वेगळे, आणि हे दुसरे काम स्त्रीच्या हाती सोपवण्याचा सर्वांत मोठा उद्योग भीमेच्या दक्षिण तीरावर, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाई यांनी केला.

रमाबाईंच्या या उद्योगाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या बालपणात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. घरकामामुळे दिवसा सवड नसल्याने त्या पहाटेच झोपेने जड झालेल्या मुलीला हळुवार उठवीत, आणि झाडांवर पाखरे बोलू लागताच धडा सुरू होई, ज्यात आईच्या मुखावाचून दुसरे पुस्तक नसे. मातापिता १८७४ च्या सुमारास उपासमारीत गेले, आणि १८८२ मध्ये, लग्नानंतर दोनच वर्षांच्या आत, पतीही निवर्तले. हाती राहिली ती तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, परंतु नंतर त्यांनीच लिहून ठेवले की ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताचा अंतःकरणात अनुभव येणे यांच्यामध्ये त्यांची कित्येक वर्षे गेली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून वाद आहे, आणि त्यात आपल्या व मुलीच्या विवेकबुद्धीवर कोणत्याही चर्चची मालकी मान्य न करणारी आई स्पष्ट दिसते. आध्यात्मिक वाढीला वेळ द्यावा लागतो आणि ती हुकमाने होत नाही, हे ज्या पालकांना पटवून घ्यायचे आहे त्यांनी ही पत्रे वाचावीत.

या भूमिकेची कसोटी पुण्यात लागली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढील वर्षी पुण्यास आलेल्या शारदा सदनात, म्हणजे रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शाळेत, धर्मशिक्षण न देण्याचे ठरलेले होते, आणि विधवांच्या जातीचे निर्बंधही पाळले जात. मात्र रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ उठला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. पालकांचा संताप समजण्यासारखा होता, कारण मुलीचा धर्म ही त्यांच्या दृष्टीने घराची ठेव होती; परंतु स्वतःच्या घरातली प्रार्थना दार लावून करावी ही अपेक्षा रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते, आणि न्याय्य विचार केला तर त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

केडगावला त्यांनी रेल्वेमार्गालगत सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन अनाथ व टाकलेल्या मुली गोळा केल्या, आणि पुण्यात प्लेग आल्यावर त्यांचा मुक्काम केडगावलाच पडला. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या ‘मुक्ति’ सदनातील मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांचे कुटुंबच उरले नव्हते त्यांच्यासाठी कुटुंब उभे करण्याचे हे काम होते, आणि स्वतः उपासमारीतून वाचलेल्या बाईने ते हाती घेतले होते. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले, छापखाना बसला, आणि शिकलेल्या मुली लहानांना वाचायला शिकवू लागल्या. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात करून अंध मुलींची शाळा चालवली. जातीप्रमाणे पंगती न लावता सर्व मुली एकत्र राहिल्या, हे त्या काळच्या दौंड परिसरात किती मोठे पाऊल होते, ते आज सहज ध्यानात येत नाही.

जून १९०५ च्या अखेरीस या सदनात संजीवन झाले. संजीवन म्हणजे मंडळीत एकाएकी उसळणारी पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची लाट. वेल्समधील तशाच लाटेची वार्ता ऐकून रमाबाईंनी वर्षारंभीच रोजच्या प्रार्थनेचे गट बांधले होते, आणि त्यांत येणाऱ्या मुलींची संख्या महिन्यागणिक वाढत गेली होती. मुली मोठ्याने, सगळ्या एकाच वेळी, आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत, रडत, गात, आणि काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा कल्लोळ खटकला तरी रमाबाईंनी तो दाबला नाही, कारण भारतीय मनाने देवापुढे आपल्या रीतीने व्यक्त व्हावे असे त्यांचे मत होते. सहकारी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीमधील वाल्पाराइसो येथे पोचली आणि तेथील पेंटेकोस्टल चळवळीच्या उगमाशी जोडली गेली. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद असा दक्षिण अमेरिकेत उमटला. लाट ओसरल्यावरही टिकले ते मात्र रोजचे काम, म्हणजे वाचन, शाळा आणि आसपासच्या खेड्यांत मुलींच्या टोळ्यांनी जाऊन सांगितलेले शुभवर्तमान.

रमाबाईंचे अखेरचे मोठे कार्य बायबलच्या भाषांतराचे होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा साध्या बाईला जड जाते असे त्यांना वाटे, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सुमारे दोन दशके श्रम केले, आणि खेड्यातील स्त्रीला कोणी न समजावता कळेल अशा मराठीत संपूर्ण ग्रंथ उतरवला. तो छापला गेला केडगावच्याच छापखान्यात, ज्याचे खिळे जुळवणाऱ्यांत अशा मुली होत्या की ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला तेव्हा भाषांतराचे काम पुरे झालेले होते, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मराठी मंडळ्यांमध्ये त्याचा प्रसार मर्यादितच राहिला, कारण घरोघर आधीची आवृत्ती रुळलेली होती. मात्र मुक्तितून शिकून शिक्षिका, परिचारिका आणि बायबल स्त्रिया, म्हणजे घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या कार्यकर्त्या, झालेल्या मुलींनी पुढे आपापले संसार मांडले, आणि त्या घरांत संध्याकाळच्या उपासनेला मुलांसमोर ग्रंथ उघडून वाचणारी व्यक्ती बहुधा आईच असे.